पाव, पण कशाचा?

इडलीसाठी एका वाटी उडदाच्या डाळीला तीन वाट्या तांदूळ, हे प्रमाण पुष्कळ घरांत तोंडपाठ असतं. आता कुणी विचारलं, की भिजत घातलेल्या एकूण धान्यात डाळ किती, तर चांगली शिकलेली माणसंही ‘एक तृतीयांश’ म्हणून मोकळी होतात. उत्तर आहे एक चतुर्थांश. डाळ तांदळाच्या एक तृतीयांश आहे, धान्याच्या एक चतुर्थांश. वाटी तीच, डाळ तीच. तिला कशाशेजारी ठेवून मोजलं, तेवढं बदललं.

शाब्दिक उदाहरणं अनेकांना शाळेत छळतात आणि शाळा सुटल्यावर वेगळ्या वेषात भेटत राहतात: सोनाराच्या पावतीत, गवंड्याच्या हिशोबात, सेलच्या पाटीवर, तलाठ्याच्या कागदात. त्यांतली आकडेमोड सहसा पाचवी-सहावीच्या पलीकडची नसते. चुकतं ते आधीच. ‘पाव’, ‘निम्मा’, ‘शेकडा दहा’ असं ऐकल्याबरोबर आपण गुणाकार-भागाकाराला लागतो आणि ‘कशाचा?’ हे विचारायचं राहून जातं. वाक्य कधी ते स्पष्ट सांगतं, कधी गृहीत धरतं, आणि कधी मध्येच गुपचूप बदलतं. या प्रकरणात आपण या एका प्रश्नाचा पाठलाग करणार आहोत.

बांधकामावर ‘एकास चार’ माल म्हणजे एक घमेलं सिमेंट आणि चार घमेली वाळू. ‘एकास सहा’ म्हटलं, तर वाळू सहा घमेली. कामाच्या जागी गुणोत्तर सांगण्याची ही रीत सोयीची, कारण तिथे घमेली मोजून टाकायची असतात, एकूण किती झालं याच्याशी कुणाला कर्तव्य नसतं. पण वीस घमेली कोरडा माल हवा आहे आणि त्यासाठी सिमेंट किती आणायचं, हे आदल्या दिवशी ठरवायचं असेल, तर गुणोत्तराचा अपूर्णांक करावा लागतो. त्यासाठी भागांची बेरीज करायची. एक आणि चार मिळून पाच भाग. त्यांतला एक सिमेंटचा. म्हणजे विसाचा एक पंचमांश, चार घमेली. ‘एकास चार’ ऐकून कुणी विसाचा पाव, म्हणजे पाच घमेली सिमेंट घेतलं, तर वाळू पंधरा उरते आणि माल एकास तीन होतो. भिंतीचं काही बिघडणार नाही, खिशाचं बिघडेल.

याच मालात आणखी एक खोच आहे. पाच घमेली कोरड्या मालात पाणी घातलं, की पाच घमेली ओला माल तयार होत नाही. त्याहून कमी भरतो. वाळूच्या कणांमधल्या पोकळीत सिमेंट जाऊन बसतं आणि ओली झाल्यावर वाळूही दबते. म्हणून अभियंते हव्या असलेल्या ओल्या मालाच्या सुमारे १.३ पट कोरडा माल धरतात. तेव्हा भाग मोजायचे ते वजनानं की मापानं, कोरडे असताना की कालवल्यावर, हेही ‘कशाचा?’ या प्रश्नाच्या पोटातच येतं.

कोकणातल्या सुपारीच्या बागांत कोळेरोगासाठी एक टक्का बोर्डो मिश्रण फवारतात. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी. पाठीवरचा पंप १५ लिटरचा असेल, तर मोरचूद १५० ग्रॅम आणि चुनाही १५० ग्रॅम. हिशोब सोपा आहे, पण ‘एक टक्का’ हे नाव नीट पाहा. पाण्यात पडलेले पदार्थ मिळून दोन किलो आहेत. मग मिश्रण दोन टक्क्यांचं का म्हणायचं नाही? कारण टक्का मोजला जातो तो फक्त मोरचुदाचा. चुना त्याच्या जोडीला असतो, पण नावाच्या हिशोबात नसतो. हे ठाऊक नसलेल्यानं ‘एक टक्का’ ऐकून दोन्ही मिळून एक किलो टाकलं, तर फवारणी निम्म्या ताकदीची होईल आणि रोग पावसात मजेत वाढेल.

सोन्याकडे वळू, कारण तिथे चुकणं परवडत नाही. बावीस कॅरट म्हणजे चोवीस भागांपैकी बावीस भाग चोख सोनं. दागिन्यावरच्या हॉलमार्कमधला ९१६ हा आकडा हाच अपूर्णांक हजारांत सांगतो. अठरा कॅरटला तिथे ७५० येतं. बावीसला चोवीस म्हणजेच अकराला बारा. तेव्हा अकरा ग्रॅम चोख सोन्यात एक ग्रॅम तांबं-चांदीचं हीण घातलं, की बारा ग्रॅम बावीस कॅरट सोनं तयार होतं. हीण सोन्याच्या एक अकरांश आहे आणि दागिन्याच्या एक बारांश. पुन्हा इडलीचंच गणित.

आता जरा अवघड करू. दहा ग्रॅमची बावीस कॅरट बांगडी वितळवून अठरा कॅरटची नक्षीदार वस्तू करायची आहे. हीण किती घालावं लागेल? पुष्कळजण चोविसांतले चार कॅरट कमी करायचे म्हणून दहा ग्रॅमच्या एक षष्ठांश, म्हणजे १.६७ ग्रॅम हीण घालतील आणि फसतील. हीण घातल्यावर वस्तूचं एकूण वजनच वाढतं, म्हणजे ज्याचा अपूर्णांक घ्यायचा तेच हलतं. अशा वेळी न हलणारी गोष्ट शोधावी. इथे चोख सोनं हलत नाही. म्हणून वजन गुणिले कॅरट हा गुणाकार आधी आणि नंतर सारखाच राहायला हवा: दहा गुणिले बावीस, २२०, त्याला अठरानं भागलं, की नवं वजन १२.२२ ग्रॅम. हीण घालायचं २.२२ ग्रॅम. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त सुवर्णगणित म्हणून स्वतंत्र प्रकरण आहे. तिथे सोन्याचा कस कॅरटऐवजी ‘वर्णां’त मोजतात, पण वजन आणि वर्ण यांच्या गुणाकाराची युक्ती हीच.

‘लीलावती’ ११५० च्या सुमाराची. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. यादव राजा सिंघण याच्या काळातला त्याबद्दलचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण इथे आहे. एखाद्या गणिताच्या पुस्तकासाठी शाळा काढावी लागणं, हे आजच्या लेखकांनी हेवा करण्यासारखंच आहे. त्या पुस्तकातली दोन उदाहरणं शेजारी ठेवली, तर या प्रकरणाचं निम्मं काम होतं.

पहिलं कमळांचं. कमळांच्या एका राशीतून एक तृतीयांश शंकराला वाहिली, एक पंचमांश विष्णूला, एक षष्ठांश सूर्याला, एक चतुर्थांश देवीला. उरलेली सहा गुरूंच्या पायी. रास केवढी? दुसरं यात्रेकरूचं. त्यानं प्रयागला निम्मे पैसे दिले, उरलेल्याचे दोन नवमांश काशीला, त्यातून उरलेल्याचा पाव वाटेत जकातीला, राहिलेल्याचे सहा दशांश गयेला, आणि निष्क नावाची त्रेसष्ट नाणी घेऊन तो घरी परतला. निघताना जवळ किती होते?

दोन्हींत अपूर्णांकांची रांग आहे, दोन्हींत शेवटी काही उरतं. मात्र एकाची रीत दुसऱ्याला लावली, तर उत्तर हातचं जातं. कमळांच्या उदाहरणातला प्रत्येक अपूर्णांक मूळ राशीचा आहे. शंकराला वाहून झाल्यावर विष्णूला उरलेल्यांतला पाचवा हिस्सा नाही मिळत, सगळ्या राशीतला मिळतो. सगळ्यांचं पूर्ण एकच असल्यामुळे अपूर्णांकांची बेरीज चालते. वीस, बारा, दहा आणि पंधरा साठांश मिळून सत्तावन्न साठांश. उरले तीन साठांश, म्हणजे एक विसांश. ती सहा कमळं. म्हणून रास १२० कमळांची.

यात्रेकरूचं पूर्ण मात्र प्रत्येक मुक्कामी बदलतं. तिथे निम्मे अधिक दोन नवमांश अधिक पाव अधिक सहा दशांश अशी बेरीज केली, तर ती दीडच्याही वर जाते. म्हणजे गृहस्थानं जवळ होतं त्याहून जास्त वाटलं. असं उत्तर आलं, की समजावं, आपण वेगवेगळ्या पूर्णांचे तुकडे एका ताटात वाढले. इथे दिलेल्याकडे न पाहता उरलेल्याकडे पाहावं. प्रयागनंतर निम्मे उरले, काशीनंतर त्यांचे सात नवमांश, जकातीनंतर त्यांचे तीन चतुर्थांश, गयेनंतर त्यांचे चार दशांश. उरलेल्यांचा गुणाकार होतो सात साठांश. सात साठांश म्हणजे ६३, तर एक साठांश नऊ, आणि मूळ रक्कम ५४०. पडताळा घ्यायचा तर ५४० तून २७० प्रयागला, ६० काशीला, साडेबावन्न जकातीला, साडेचौऱ्याण्णव गयेला. उरले त्रेसष्ट.

भास्कराचार्यांनी या दोन जातींना वेगळी नावं दिली आहेत. कमळांची ती दृश्यजाति, यात्रेकरूची ती शेषजाति. सोडवण्यासाठी ते इष्टकर्म सांगतात: सोयीची एखादी संख्या मनानं धरा, तिच्यावर उदाहरण चालवा, आणि आलेलं उत्तर खऱ्या उत्तराशी ताडा. रास साठ कमळांची धरली, तर तीन उरतात; उरायला हवीत सहा; म्हणून साठाची दुप्पट. बीजगणिताची भीती बाळगणाऱ्यांनी ही युक्ती जरूर जवळ ठेवावी. ‘क्ष’ मानण्यापेक्षा ‘साठ’ मानणं मनाला फार हलकं पडतं.

कागदोपत्री हा प्रश्न किती नेमका सोडवता येतो, याचा एक नमुना मराठ्यांच्या इतिहासात आहे. १७१९ साली बाळाजी विश्वनाथ पेशव्यांनी दिल्लीहून चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. चौथाई म्हणजे महसुलाचा पाव हिस्सा. ग्रँट डफनं आपल्या इतिहासात दिलेल्या तपशिलानुसार या पाव हिश्श्याची पुढे वाटणी होई. त्याचा चौथा भाग राजाची बाबती. उरलेला पाऊण मोकासा, पण त्यातून सहा टक्के साहोत्रा पंतसचिवांना आणि तीन टक्के नाडगौडा राजाच्या मर्जीतल्या माणसांना. हे सहा आणि तीन टक्के कशाचे? मोकाशातून जात असले, तरी ते मोजायचे सगळ्या चौथाईवर. एखाद्या मुलखाचा महसूल एक लाख धरला, तर चौथाई २५,००० रुपये, बाबती ६,२५०, साहोत्रा १,५००, नाडगौडा ७५०, सरदारांच्या हाती ऐन मोकासा १६,५००. साहोत्रा मोकाशाच्या सहा टक्के धरला असता, तर पंतसचिवांना १,१२५ रुपयेच मिळाले असते. पंचवीस, सहासष्ट, सहा आणि तीन मिळून बरोबर शंभर भरतात, ते सगळ्यांचं पूर्ण एकच ठेवल्यामुळे. हिशोबनिसांनी कमळांची रीत निवडली होती, यात्रेकरूची नाही.

दुकानदार मात्र यात्रेकरूची रीत वापरतात आणि पाटी कमळांची लावतात. ‘५० टक्के + २० टक्के सूट’ वाचून आपलं मन सत्तर म्हणतं. हजाराचा शर्ट आधी पाचशेला येतो, मग पाचशेवर वीस टक्के, म्हणजे शंभर सुटतात. द्यायचे चारशे; सूट साठ टक्के. पाटीवरचं अधिकचं चिन्ह गणिताच्या दृष्टीनं खोटं आहे, कायद्याच्या दृष्टीनं असेलच असं नाही.

जीएसटीचा हिशोब उलटा करतानाही हीच गल्लत होते. १,००० रुपयांच्या वस्तूवर अठरा टक्के कर लागून बिल १,१८० रुपयांचं झालं. आता बिलातून कर वेगळा काढायचा आहे. १,१८० चे अठरा टक्के २१२ रुपये ४० पैसे येतात आणि कर तर १८० होता. अठरा टक्के मूळ किमतीचे होते, बिलाचे नव्हते. बिलातला कराचा भाग अठरा-शंभरांश नसून अठरा-एकशेअठरांश असतो. पगाराचंही तसंच. पन्नास हजारांच्या पगारात वीस टक्के कपात झाली, की चाळीस हजार. नंतर वीस टक्के वाढ दिली, की अठ्ठेचाळीस हजार. कपात मोठ्या आकड्याची होती, वाढ लहान आकड्याची. पूर्वपदावर यायला पंचवीस टक्के वाढ लागते. मालक ‘कापलं तेवढं परत दिलं’ म्हणतो, तेव्हा तो टक्क्यांत खरं आणि रुपयांत खोटं बोलत असतो.

गुणोत्तराचं सगळ्यांत कामाचं हत्यार म्हणजे त्रैराशिक. तीन गोष्टी माहीत, चौथी काढायची. जुन्या ग्रंथांत त्या तिघींना प्रमाण, फल आणि इच्छा म्हणतात. ‘लीलावती’तच विचारलं आहे, की अडीच पळं (पळ हे जुनं वजन) केशर निष्काच्या तीन सप्तमांशाला मिळतं, तर नऊ निष्कांना किती? सूत्र आठवत बसण्याऐवजी एवढंच पाहावं, की नऊ निष्क हे तीन सप्तमांशाच्या किती पट आहेत. एकवीस पट. मग केशरही अडीचच्या एकवीस पट, साडेबावन्न पळं.

मात्र त्रैराशिक लावण्यापूर्वी दोन गोष्टी खरोखरच सोबतीनं वाढतात का, हे पाहावं लागतं आणि पाठ्यपुस्तकं ते पाहायला फारसं शिकवत नाहीत. वीज बिलात पहिल्या शंभर युनिटांचा दर वेगळा, पुढच्यांचा चढा. शिवाय स्थिर आकार. युनिटं दुप्पट झाली, की बिल दुपटीहून जास्त होऊ शकतं. मुंबईच्या रिक्षात पहिल्या दीड किलोमीटरचं किमान भाडं ठरलेलं. अर्धा किलोमीटर गेलात, म्हणून एक तृतीयांश भाडं घेत नाहीत.

नळ आणि टाकीच्या उदाहरणांची बदनामी मात्र मला अन्यायाची वाटते. ती अवघड वाटतात, कारण तास दिलेले असतात आणि आपण तासच मिळवू पाहतो. एक नळ टाकी तीन तासांत भरतो, दुसरा सहा तासांत. दोन्ही सोडले तर नऊ तास लागणार नाहीत, हे पोरालाही कळतं. इथे पूर्ण बदलून घ्यायचं. तासांऐवजी टाकी पूर्ण मानायची आणि एका तासात तिचा कितवा भाग भरतो ते बघायचं. एक तृतीयांश अधिक एक षष्ठांश, निम्मी; म्हणून दोन तास. भास्कराचार्यांच्या उदाहरणात चार झरे आहेत. ते कुंड अनुक्रमे एका, अर्ध्या, तृतीयांश आणि षष्ठांश दिवसात भरतात. एका दिवसात ते एक, दोन, तीन आणि सहा कुंडं भरतील, मिळून बारा. म्हणून एक कुंड भरायला दिवसाचा बारावा भाग, दोन तास.

अपूर्णांकांशी मराठी माणसाची पूर्वी याहून जवळीक होती. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे पाढे मुलं घोकत. साडेतीन शेर जिन्नस पाऊण रुपये शेरानं घेतला, तर तिनाचे सव्वादोन, अर्ध्याचे सहा आणे, असे दोन रुपये दहा आणे तोंडीच निघत. रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. सोळा चार वेळा निम्मे करता येतात आणि १९२ ला तीननंही भाग जातो. रुपयाचा तिसरा हिस्सा नेमका पाच आणे चार पै. १ एप्रिल १९५७ ला शंभर नव्या पैशांचा रुपया आला, तेव्हा दशांशाची सोय झाली, पण तिघांत रुपया समान वाटण्याची सोय गेली. जमिनीच्या व्यवहारात आणा अजून टिकून आहे. ३३ फूट बाय ३३ फुटांच्या गुंठ्याचे सोळा आणे करतात. एक आणा साधारण ६८ चौरस फुटांचा.

पिकातही आणा होताच. पीक किती आलं, हे आण्यांत सांगण्याच्या रीतीला आणेवारी म्हणत. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक. आता तिला पैसेवारी म्हणतात आणि पूर्ण पीक शंभर पैशांचं धरतात. पीक कापणी प्रयोगात निवडलेल्या तुकड्यातलं धान्य मोजतात, ते त्या भागाच्या प्रमाण उत्पन्नाशी, म्हणजे पूर्ण पीक धरलेल्या उत्पन्नाशी, ताडतात आणि पैसे ठरवतात. पन्नास पैशांच्या खाली गेलेल्या गावाला टंचाईच्या सवलती, वर राहिलेल्याला नाहीत, अशी रेषा महाराष्ट्रात कित्येक वर्षं होती. त्यामुळे नजरअंदाज, सुधारित आणि अंतिम पैसेवारी जाहीर झाली, की गावोगाव वाद पेटत. बातम्यांत तो वाद पीक किती आलं याचा वाटतो. गणितात तो बहुतेकदा छेदाचा असतो. समजा, एका गावात ज्वारी हेक्टरी सहा क्विंटल आली. प्रमाण उत्पन्न दहा क्विंटल धरलं, तर पैसेवारी साठ आणि गाव सवलतीबाहेर. तेच तेरा क्विंटल धरलं, तर पैसेवारी सेहेचाळीस आणि गाव आत. म्हणून पैसेवारीच्या यादीत आपल्या गावासमोरचा आकडा वाचणाऱ्यानं तलाठ्याला आधी प्रमाण उत्पन्न किती धरलं ते विचारावं आणि ते कोणत्या वर्षांच्या पिकावरून काढलं, हेही. कापणीच्या तुकड्याबद्दल भांडायला नंतर वेळ मिळतो.